पाहुणे पहाटेच दारात येतात तेव्हा

प्रश्न : वेरूळला राहत्या घरातील तीन खोल्या आम्ही न्याहारीसह पर्यटकांना देतो. खोली दुपारी बारानंतर मिळेल असे कळवूनही रात्रीच्या गाडीने आलेले पाहुणे पहाटेच दार ठोठावतात. काय करावे?

उत्तर : देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईहून निघालेला प्रवासी छत्रपती संभाजीनगरला पहाटेच उतरतो, त्यामुळे त्याचे लवकर येणे हा हटवादीपणा नसून गाडीच्या वेळेचा परिणाम आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. आरक्षण होताच ‘कोणत्या गाडीने येणार?’ असे फोनवर विचारावे. खोली दुपारीच मिळेल, मात्र सामान ठेवण्याची, हातपाय धुण्याची आणि चहा-पोह्यांची सोय सकाळी होईल, असे त्याच वेळी स्पष्ट सांगावे. वेरूळची लेणी सकाळी लवकर उघडतात आणि उन्हाळ्यात कातळ तापण्यापूर्वी ती पाहून होणे केव्हाही चांगले, म्हणून पाहुण्यांना तिकडे पाठवावे. मंगळवारी लेणी बंद असल्याने त्या दिवशी घृष्णेश्वराचे दर्शन आणि दौलताबादचा किल्ला सुचवावा.

जुन्या पाहुण्यांना दहापर्यंत खोली सोडण्याची विनंती आदल्या रात्रीच करावी. चादरी, अभ्रे बदलून न्हाणीघर कोरडे होण्यास दोन तास लागतातच, आणि ओल्या फरशीवर पाहुण्याला उभे करणे आम्हाला तरी अजिबात पटत नाही. खोली आदल्या रात्रीपासून रिकामी असेल, तर पहाटे येणाऱ्याकडून अर्धे भाडे घेणे रास्त आहे. सोबत वृद्ध किंवा तान्हे मूल असल्यास तेही घेऊ नये.