रेसिंगची वर्षं वाया जातात का?

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ड्रॅग रेसिंगचं प्रचंड वेड आहे. रात्री पाम बीच रोडवर मित्र बाइक पळवतात, मीही जातो. घरचे म्हणतात, हे सोड आणि नोकरीचं बघ. मध्यंतरी डग नॅश या अमेरिकन ड्रॅग रेसरबद्दल वाचलं. तो पुढे गिअरबॉक्स डिझाइन करायला लागला. सर, रेसिंगचा त्याला खरंच उपयोग झाला असेल, की ती वर्षं वायाच गेली?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : वाया कशी जातील? वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी आयुष्यभर गिअर कापले. ज्याने स्वतःच्या हाताखाली गिअरबॉक्स तुटताना अनुभवलाय, तो ड्रॉइंग बोर्डावर बसला की वेगळंच काम करतो, हे माझं ठाम मत आहे.

नॅश साठच्या दशकात ‘ब्रॉन्को बस्टर’ नावाची, फोर्ड ब्रॉन्कोच्या रूपातली गाडी पळवायचा. ड्रॅग रेस म्हणजे उभ्या जागेवरून सरळ पाव मैल, ४०२ मीटर. सुटताना क्लच सोडला की इंजिनाचा सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एका झटक्यात पहिल्या गिअरच्या एकदोन दात्यांवर येतो. रस्त्यावरच्या गाडीचा साधा बॉक्स तिथेच मान टाकतो.

पुढे नॅशने पाच गिअरचा ‘फोर प्लस वन’ बनवला. त्यातला पाचवा गिअर डायरेक्ट, एकास एक; ओव्हरड्राइव्ह, म्हणजे बाहेरचा शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरवणारा गिअर, नाहीच. का, ते आकड्यांत बघ. बाहेरचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन जितके फेरे घेतं, तो त्या गिअरचा रेशो. पहिला ३.२७, दुसरा २.१३, तिसरा १.५७, चौथा १.२३, पाचवा १.०० असं धर आणि दर वेळी ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर, गिअर बदल. दुसऱ्यात इंजिन साधारण ३९०० वर येतं, तिसऱ्यात ४४००, चौथ्यात ४७००, पाचव्यात ४९००. म्हणजे वेग वाढून हवा जास्त अडवायला लागते, तेव्हाच इंजिन कमी कमी घसरतं आणि ताकदीच्या पट्ट्यात राहतं. हे गणित कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण गिअर टाकल्यावर आपलं इंजिन बसलं आणि शेजारची गाडी पुढे निघून गेली, हे ज्याने सोसलंय, तो दोन गिअरमधलं अंतर जीव ओतून ठरवतो.

१९८४च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये त्याचा ‘फोर प्लस थ्री’ आला. चार गिअरच्या बॉक्सच्या मागे ओव्हरड्राइव्हचं वेगळं युनिट, आणि ते वरच्या तिन्ही गिअरना लागायचं. थ्रॉटल हलका असला, म्हणजे अॅक्सिलरेटर कमी दाबलेला असला, की कॉम्प्युटर ते आपणहून लावायचा, म्हणजे पेट्रोल वाचायचं. गुंतागुंत फार, म्हणून टीका झाली आणि १९८९ला त्याच्या जागी झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा बॉक्स आला. मला मात्र नॅशचा तो बॉक्स आवडतो. पाव मैलावर घडलेला माणूस मायलेजचा प्रश्न घेऊन बसला, हे मला फार मोठं वाटतं.

आता पाम बीच रोडचं. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या अमेरिकन ड्रॅग रेसरच्या गाडीचं ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, सुटतानाच फुटलं. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. तेव्हा इंजिन पुढे असायचं आणि चालक मागे, ट्रान्समिशनला खेटून. त्यातून उठून त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे नेलेली गाडी बांधली, आणि १९७१मध्ये ती जिंकायला लागली. हे सगळं बंद ट्रॅकवर, जगातल्या उत्तम चालकाच्या बाबतीत घडलं. तुम्ही पोरं जिथे पळवता, तिथे समोरून रिक्षा येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली त्याला तुरुंगवासही आहे. घरच्यांचं इथे शंभर टक्के बरोबर आहे, आणि हे तू आजच्या आज बंद करावंस. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग रेस झाल्या आहेत. तशा ठिकाणी जा, आधी मेकॅनिकच्या हाताखाली.

डिग्रीला प्रवेश घेतलास तर कॉलेजच्या बाहा टीममध्ये शिर; बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या, खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची स्पर्धा. पेट्रोलच्या बाहात सगळ्या टीमना एकच, साधारण दहा हॉर्सपॉवरचं इंजिन असतं, त्यामुळे खरी चुरस गिअरबॉक्सवर येते.

तोवर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून एक मोडका गिअरबॉक्स आण. दाते मोजून रेशो काढ, मग भिंगाखाली दाते बघ. तडा मुळाशी असेल तर दाता वाकण्याच्या ताणाने गेलाय; मॉड्यूल, म्हणजे दात्याचं माप, वाढवून मूळ जाड करावं लागेल. अंगावर बारीक खड्डे असतील तर पृष्ठभाग दाबाने थकलाय; तिथे केस डेप्थ (वरच्या कडक केलेल्या थराची जाडी), कडकपणा आणि तेल तपासायचं. आणि दाते शाबूत असून बॉक्स मोडला असेल, तर आधी बेअरिंग बघ, मग शाफ्ट किती वाकतोय ते.