नाशिकच्या उन्हाळ्यात घरातल्या बोस्टन फर्नची पानं वाळतात, काय करावं?

रोज पाणी घालूनही मार्चपासून टोकं तपकिरी पडतायत, खाली पानांचा सडा पडतोय आणि पानांमागे डाग दिसतायत, असं तुम्ही लिहिलंय. पाणी पुरेसं आहे हो, कमी पडतोय तो हवेतला ओलावा. आपल्याकडे मार्च ते मे हवा पार कोरडी. त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळ्यात दरडींवर नेचे, म्हणजे रानातले फर्नच, माजलेले असतात ना? तिथे सावली असते, दमट हवा असते आणि पाणी मुळाशी न साचता वाहून जातं. घरात हेच जमवायचं.

झाड एसीच्या खोलीत असेल तर आधी हलवा, एसीने हवा आणखी सुकते. कूलर चालेल, त्याने खोलीत ओलावा राहतो; फक्त झोत थेट पानांवर नको. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी उत्तम. चार कुंड्या एकत्र ठेवल्या तरी फरक पडतो. दिवसातून एकदा स्प्रे मारण्याचं समाधान मात्र आपल्यालाच, ते पाणी काही मिनिटांत उडून जातं.

पाणी घड्याळ लावून घालू नका. पेरभर बोट मातीत घाला. वरचा थर सुकू लागला की खालून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका. कुंडीत शेतातली काळी माती असेल तर ती ओली असताना चिकटून बसते, वाळली की भेगाळते. त्यापेक्षा कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी जाड वाळू बरी. बोअरचं पाणी देत असाल आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला असेल, तर टोकं जळायला ते क्षारही कारण असू शकतात. नळाचं पाणी द्या.

आता मागचे डाग. प्रत्येक पानोळीच्या (लांब पानावरच्या छोट्या पानाच्या) दोन्ही कडांना सारख्या अंतराने ओळीत तपकिरी ठिपके असतील तर ते बीजाणूंचे, म्हणजे फर्न बियांऐवजी ज्यांनी पसरतो त्या कणांचे, पुंजके, झाड ठणठणीत आहे. ठिपके वेडेवाकडे, देठावरही असतील, नखाने खरवडल्यावर खवल्यासारखे निघत असतील आणि पान चिकट लागत असेल, तर ती खवले कीड. साबणाच्या सौम्य पाण्यात कापूस बुडवून पुसून काढा. कुंडीबाहेर लोंबणारे केसाळ धागे कापायची घाई नको; त्यांचं टोक दुसऱ्या कुंडीतल्या ओल्या मातीवर टेकवलं तर नवं रोप धरतं.

वाळलेली पानं परत हिरवी होत नाहीत, ती बुडाशी कापा. कुंडी बदलायची असेल तर जूनमध्ये पाऊस लागल्यावर बदला, मे महिन्यात मुळांना हात लावू नका.