प्रौढ, परिपक्व की प्रगल्भ?

प्रश्न असा आला आहे: फ्रेंच गायिका फ्रांस्वाज आर्दी हिच्या १९७१च्या 'ला केस्त्याँ' या अल्बमवर लिहायचं आहे. इथून तिची शैली 'मॅच्युअर' झाली असं सगळे म्हणतात. मराठीत काय लिहावं, प्रौढ, परिपक्व की प्रगल्भ?

माझं मत 'प्रगल्भ'ला.

'प्रौढ'ला मराठीत वय चिकटलं आहे. प्रौढ साक्षरता वर्ग, प्रौढ वधू-वर मेळावा. 'प्रौढ अल्बम' लिहिलंत तर वाचकाला सेन्सॉरचं 'केवळ प्रौढांसाठी' आठवेल. शिवाय आर्दी तेव्हा २७ वर्षांची होती.

'परिपक्व'च्या मुळाशी पच् धातू आहे, शिजणं, पिकणं. 'मॅच्युअर'साठीचा फ्रेंच शब्द 'म्यूर'सुद्धा फळाला लागतो आणि माणसालाही, तेव्हा कोशाच्या हिशेबाने जोडी बरोबर जुळते. पण फळ पिकलं की पिकायचं काही उरत नाही. आर्दी तर पुढे २०१८पर्यंत नवे अल्बम काढत राहिली. 'परिपक्व निर्णय' मला चालतो. वाटेतल्या वळणाला मात्र हा शब्द लावू नये.

आता 'प्रगल्भ'. संस्कृत धातुपाठात 'गल्भ धार्ष्ट्ये' आहे, म्हणजे मूळ अर्थ धीट, न बुजणारा. मराठीत त्याला समजेची खोली आली, म्हणून आपण 'प्रगल्भ वाचक' म्हणतो. पण जुना धीटपणा विसरू नका, कारण इथे तोच कामाचा आहे. नायिकाभेदात, म्हणजे जुन्या काव्यशास्त्रातल्या नायिकांच्या वर्गीकरणात, मुग्धा (लाजरी, अननुभवी), मध्या (मधली) आणि प्रगल्भा (अनुभवी, धीट) अशा पायऱ्या आहेत. १९६२मध्ये १८ वर्षांच्या आर्दीचं जे गाणं फ्रान्सभर गाजलं, त्यातली मुलगी हातात हात घालून फिरणारी आपल्या वयाची मुलंमुली बघते, स्वतः एकटी चालते आणि आपलाही दिवस येईल म्हणून वाट पाहते. ही अगदी मुग्धा. १९७१मध्ये सोबतीला आहे ब्राझीलची गिटारवादक आणि संगीतकार तुका (हो, नावाचा उच्चार आपल्या तुकोबांसारखाच). ठेका मागे सरलेला, गिटार आणि तंतुवाद्यं, आणि आर्दीचा आवाज कुजबुजीपर्यंत खाली उतरलेला. शीर्षकगीतातली बाई वाट बघत नाही. तू नेमका कोण आहेस ते मला कळत नाही, असं ती प्रियकराला सरळ सांगते. तो तिच्यासाठी उत्तर नसलेला प्रश्न आहे. आवाज चढवावा न लागता एवढं बोलता येणं, यालाच मी प्रगल्भता म्हणेन.

'मुरलेली' हा शब्दही कुणी सुचवेल. लोणचं मुरतं, राजकारणी मुरतो. त्यात सरावाचा, थोडा बेरकीपणाचा वास आहे. इथे नको.

एक बारकावा. प्रगल्भ हे विशेषण माणसाला, बोलण्याला, शैलीला शोभतं, वस्तूला नाही. म्हणून 'प्रगल्भ अल्बम' न लिहिता 'या अल्बमात आर्दीचं गाणं प्रगल्भ झालं' असं लिहा. आणि आडनाव 'हार्डी' करू नका. फ्रेंचमध्ये तो ह उच्चारत नाहीत.