‘लोकसहभाग’, ‘लोकप्रणीत’ आणि ऑस्ट्रेलियातील कोठडीबाहेरची मुले

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका मराठी वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. तेथील ॲबोरिजिनल मुलांना कोठडीत डांबण्याऐवजी दुसरे काय करता येईल, याचे जे मार्ग त्या त्या ठिकाणच्या लोकांनीच शोधले आणि चालवले, त्यांच्याविषयी त्या मराठीत एक लेख लिहीत आहेत. इंग्रजीत अशा मार्गांना ‘कम्युनिटी-लेड’ हे विशेषण लावतात. त्यांनी पहिल्या खर्ड्यात ‘लोकसहभागातून राबवलेल्या पर्यायी शिक्षा’ असे लिहिले होते. खर्डा वाचणाऱ्या स्नेह्याने त्याऐवजी ‘समुदायाच्या नेतृत्वाखालील पर्याय’ असे सुचवले. या दोहोंत बरोबर कोणते, आणि ‘ॲबोरिजिनल’ला ‘आदिवासी’ म्हणावे की ‘मूलनिवासी’, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते पहिला शब्दप्रयोग अर्थाने चुकलेला आहे आणि दुसरा अर्थाने बरोबर असूनही मराठी नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत इतका वापरला गेला आहे की त्याला आता स्वतःचा ठरलेला वास आला आहे. लोकसहभागातून तलावातला गाळ काढतात, लोकसहभागातून शाळेच्या भिंती रंगवतात, पाणीपुरवठ्याच्या योजनेत दहा टक्के लोकवर्गणी भरली की तोही लोकसहभाग होतो. या सगळ्यांत योजना दुसऱ्याची असते, आराखडा दुसऱ्याचा असतो आणि लोक त्यात येऊन मिळतात. सहभाग म्हणजे आधीच कोणीतरी मांडलेल्या गोष्टीत घेतलेला वाटा. आपल्या वाचक भगिनी ज्यांविषयी लिहीत आहेत त्या लोकांचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे, म्हणून येथे हा शब्द केवळ सैल नसून उलटा अर्थ देणारा आहे.

उदाहरणादाखल न्यू साउथ वेल्समधील बर्क हे गाव घेऊ. सिडनीपासून सुमारे आठशे किलोमीटरवर, डार्लिंग नदीच्या काठी वसलेल्या या गावात वीसहून अधिक भाषागटांचे ॲबोरिजिनल लोक राहतात, कारण त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना मूळ ठिकाणांहून हलवण्यात आले होते. मुले वारंवार पकडली जात होती, सुटत होती आणि पुन्हा आत जात होती. २०१३ च्या सुमारास ॲलिस्टर फर्ग्युसन आणि गावातल्या इतर मंडळींनी ‘मारांगुका’ नावाने काम उभे केले. न्गेम्बा भाषेतल्या या शब्दाचा अर्थ ‘इतरांची काळजी घेणे’ असा आहे. त्यांनी सरकारी खात्यांकडून स्वतःच्या गावाची आकडेवारी मागून घेतली, ती गावासमोर मांडली आणि मुले नेमकी कशामुळे आत जातात ते पाहिले. तेव्हा दिसले की बऱ्याच प्रकरणांच्या मुळाशी मोठा गुन्हा नसून जामिनाच्या अटीचा भंग, न बजावलेले वॉरंट किंवा परवान्याशिवाय वाहन चालवणे यांसारख्या गोष्टी होत्या. न्यू साउथ वेल्समध्ये पंचवीस वर्षांखालील शिकाऊ चालकाला परवान्यापूर्वी १२० तास परवानाधारकाच्या देखरेखीखाली गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते. ज्या घरात ना गाडी आहे ना परवानाधारक माणूस, तेथे ही अट मुलाला सरळ न्यायालयात नेऊन सोडते. म्हणून गावाने परवाना मिळवून देण्याचा कार्यक्रम सुरू केला, जामिनाच्या अटींबाबत पोलिसांशी कार्यपद्धती ठरवली आणि वॉरंटचा निकाल अटकेशिवाय लागावा अशी सोय केली. आदल्या दिवशी काय घडले, कोणत्या घराला आज मदत लागेल, याची चर्चा करायला पोलीस आणि इतर खात्यांची माणसे मारांगुकाच्या केंद्रात येऊ लागली. केपीएमजी या सल्लागार संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत २०१६ आणि २०१७ या वर्षांची तुलना आहे: मुलांवरील प्रमुख पाच प्रकारच्या गुन्ह्यांच्या आरोपांत ३८ टक्के घट, पोलिसांकडे नोंदलेल्या घरगुती हिंसाचारात २३ टक्के घट, आणि बारावीपर्यंत शाळेत टिकणाऱ्यांत ३१ टक्के वाढ.

या सगळ्यात शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच आहे: बैठक कोण बोलावतो. बर्कमध्ये बैठक गाव बोलावते आणि सहभागी होतात ते पोलीस. ‘लोकसहभाग’ म्हटले की हे नाते पालथे होते. हवे असेल तर येथे ‘शासनसहभाग’ असा शब्द पाडता येईल, आणि तो विनोद म्हणून नव्हे तर वर्णन म्हणून खरा ठरेल.

याचा अर्थ ‘सहभाग’ हा शब्द त्या लेखातून हद्दपार करावा असा नाही, कारण त्याच विषयात त्याची एक योग्य जागा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ॲडलेड येथे १९९९ मध्ये ‘नुंगा कोर्ट’ सुरू झाले, व्हिक्टोरियात २००२ मध्ये शेपार्टनला ‘कूरी कोर्ट’ आले, २००५ मध्ये मेलबर्नला मुलांचे कूरी कोर्ट निघाले आणि २०१५ मध्ये न्यू साउथ वेल्सने पॅरामॅटा येथे तशीच सोय केली. तेथे न्यायदंडाधिकारी उंच आसनावर न बसता एका मेजाभोवती सर्वांसोबत बसतात; मूल, त्याचे घरचे, वकील, पोलीस आणि त्या लोकांतली मान्यवर वडीलधारी माणसे त्याच मेजाशी असतात. वडीलधारी मंडळी मुलाशी थेट बोलतात, प्रसंगी खडसावतात. पण कायदा राज्याचाच असतो आणि शिक्षा ठरवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याचाच असतो. या न्यायालयांना ‘लोकसहभागाची न्यायालये’ म्हटले तर ते अगदी चपखल आहे. एकाच लेखात कूरी कोर्टासाठी ‘लोकसहभाग’ आणि बर्कसाठी वेगळा शब्द वापरला, तर वाचकाला न सांगताच दोहोंतला फरक कळेल.

जाता जाता: ‘कूरी’, ‘नुंगा’, क्वीन्सलंडमधले ‘मरी’ आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येकडील ‘नूंगार’ ही त्या त्या प्रदेशातल्या लोकांनी स्वतःसाठी वापरलेली नावे आहेत. त्यांचे भाषांतर करू नये, आणि शक्य तेथे ‘ॲबोरिजिनल’ या सरसकट शब्दापेक्षा तीच वापरावीत.

येथे एक सापळाही सांगून ठेवला पाहिजे. न्यायाच्या कामात बसणाऱ्या अशा वडीलधाऱ्यांना, ज्यांना इंग्रजीत ‘एल्डर’ म्हणतात, ‘पंच’ म्हणण्याचा मोह मराठी लेखकाला हमखास होतो. तो टाळावा. मराठी वाचकाच्या मनात ‘पंच’ आणि ‘मेज’ एकत्र आले की जातपंचायत उभी राहते, दंड आणि वाळीत टाकणे उभे राहते. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र विधेयक मंजूर करावे लागले ते याच अनुभवामुळे. ‘ज्येष्ठ’ हा शब्दही नको, कारण आपल्याकडे तो आता एसटीच्या सवलतीशी जोडला गेला आहे, आणि ‘एल्डर’ होण्यासाठी साठी ओलांडणे पुरेसेही नसते आणि आवश्यकही नसते. लोकांनी ते स्थान मान्य करावे लागते. मला ‘जाणती माणसे’ हा जुना शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात वय, ज्ञान आणि मान हे तिन्ही आहे.

आता ‘समुदायाच्या नेतृत्वाखालील’. ‘नेतृत्वाखाली’ या शब्दाला मराठीत माणूस लागतो: अमक्याच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला, तमक्याच्या नेतृत्वाखाली संघ जिंकला. ‘समुदाय’ हा तर त्याहून अवघड शब्द, कारण बोलीत तो बहुधा ‘जनसमुदाय लोटला’ अशा वाक्यात भेटतो, म्हणजे गर्दी. ‘समाज’ म्हणावे तर मराठीत त्याचा पहिला अर्थ जात असा होऊन बसला आहे. ‘समाजाचा मेळावा’ म्हटले की पुढचा प्रश्न ‘कोणत्या’ हाच येतो. सरकारी मराठीने वनहक्क कायद्यात हा पेच ‘सामूहिक वनहक्क’ म्हणून सोडवला, आणि तो चांगला सोडवला. पण ‘सामूहिक’ म्हणजे सर्वांनी मिळून केलेले, त्यात पुढाकार कोणाचा ते येत नाही. पुढाकाराचा भाव ज्या मराठी वाक्यात लख्ख आला आहे ते वाक्य गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाचे आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. त्यातला ‘आम्हीच’मधला ‘च’ म्हणजेच ‘कम्युनिटी-लेड’, असे मी म्हणेन.

‘च’चे विशेषण होत नाही, म्हणून मी ‘लोकप्रणीत’ हा शब्द सुचवतो. ‘प्रणीत’ वृत्तपत्रांमुळे परिचित आहे. अमुकपक्षप्रणीत आघाडी हे रोज वाचतो. त्याच्या मुळाशी ‘नी’ म्हणजे नेणे हाच धातू आहे, ज्यातून ‘नेता’ आणि ‘नेतृत्व’ हे शब्द आले. शिवाय जुन्या संस्कृत वापरात ‘प्रणीत’ म्हणजे रचलेले, घालून दिलेले: पतंजलिप्रणीत योग म्हणतात तो त्या अर्थाने. नेणे आणि रचणे हे दोन्ही अर्थ येथे हवेच आहेत. शीर्षकात ‘लोकप्रणीत’ वापरावे आणि मजकुरात मात्र, दर वेळी विशेषणाचा दगड न ठेवता, ‘गावाने स्वतः उभारलेले’, ‘त्यांनीच चालवलेले’ असे साधे लिहावे.

‘पर्यायी शिक्षा’ याविषयी थोडक्यात सांगता येईल, पण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘पर्यायी शिक्षा’ म्हणजे वेगळ्या प्रकारची शिक्षा. ‘शिक्षेला पर्याय’ म्हणजे शिक्षा नव्हे असे काहीतरी. एका ‘ला’ प्रत्ययाने विषय बदलतो. बर्कचा वाहन परवाना ही शिक्षा नाही. त्यातही येथे ‘शिक्षा’ हा शब्दच मुळात डगमगता आहे, कारण ऑस्ट्रेलियात कोणत्याही रात्री कोठडीत असलेल्या मुलांपैकी पाचात सुमारे चार मुलांना अजून शिक्षा झालेलीच नसते. ती खटला किंवा निकाल होईपर्यंत अडकवून ठेवलेली असतात. म्हणून ‘तुरुंगवासाची शिक्षा’ नको, ‘तुरुंग’ किंवा ‘कोठडी’ म्हणावे. ‘स्थानबद्धता’ तर मुळीच नको, तो मराठीत प्रतिबंधक कायद्यांचा शब्द आहे.

गंमत अशी की आपल्याकडे आजी ज्या शब्दाने नातवाला धाक घालत असे, तो ‘रिमांड होम’ हा शब्द, निकालाआधीच अडकलेल्या, पाचातल्या त्या चार मुलांसाठी सर्वांत अचूक ठरला असता; पण त्याच्याभोवती धाकाचे इतके थर साचले आहेत की तो आता वर्णन करत नाही, फक्त घाबरवतो. कायद्याच्या मराठीत चौकशी चालू असलेल्या मुलासाठी ‘निरीक्षणगृह’ आणि दोषी ठरलेल्यासाठी ‘विशेषगृह’ असा भेद आहे, पण तोही ऑस्ट्रेलियावर लादू नये. आणि ‘बालसुधारगृह’ हा वृत्तपत्रांचा आवडता शब्द मी तेथे हेतुतः टाळीन. ‘सुधार’ म्हटले की बिघाड मुलात आहे हे आधीच मान्य होते. सोलापुरात गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणाआड जी ‘सेटलमेंट’ वसवली गेली होती, तिच्या कागदोपत्री हेतूतही सुधारणाच होती. १९५२ मध्ये तो कायदा गेला तेव्हा त्या लोकांना मिळालेला शब्द ‘सुधारित’ नव्हता, ‘विमुक्त’ होता. डार्विनच्या डॉन डेल येथील कोठडीत मुलांशी कसे वागले जात होते हे २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवर दिसले, त्यावर चौकशी आयोग बसला आणि २०१७ मध्ये त्याने ती कोठडी बंद करण्याची शिफारस केली. अशा जागेला ‘सुधारगृह’ म्हणणे म्हणजे शब्दाने सारवासारव करणे होय.

खर्ड्यात या मुलांसाठी ‘तरुण’ हा शब्द आला असेल तर तोही बदलावा. ऑस्ट्रेलियात युवा कोठडीत जाण्याचे वय बऱ्याच राज्यांत दहापासून सुरू होते, आणि दहा वर्षांच्या पोराला मराठीत कोणी तरुण म्हणत नाही. सरळ ‘मुले’ म्हणावे. दहा ते सतरा या वयाच्या ऑस्ट्रेलियन मुलांत ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या लोकांची मुले साधारण सहा टक्के असताना कोठडीत मात्र ती निम्म्याहून अधिक आहेत, हे वाक्य ‘तरुण’ने लिहा आणि ‘मुले’ने लिहा, म्हणजे फरक कळेल.

‘आदिवासी’ की ‘मूलनिवासी’? नऊ ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांचा दिवस नंदुरबारपासून पालघरपर्यंत ‘जागतिक आदिवासी दिन’ म्हणून साजरा होतो, म्हणजे वापराने निकाल दिलेला आहे. ‘मूलनिवासी’ व्युत्पत्तीने अधिक जवळचा असला, तरी महाराष्ट्रात तो एका विशिष्ट राजकीय विचाराचा शब्द आहे आणि वाचक भलत्याच वादात शिरेल. पहिल्या उल्लेखात ‘ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल आदिवासी’ लिहून पुढे ‘ॲबोरिजिनल’ ठेवावे. टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे लोक वेगळे आहेत, त्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा.

न विचारलेला एक शब्द सांगतो, कारण तो त्यांच्या लेखात येणारच. पश्चिम ऑस्ट्रेलियातील किंबर्ली भागात न्यिकिना, मंगाला, काराजारी आणि वालमाजारी या चार भाषागटांच्या जाणत्या माणसांनी ‘यिरिमान’ हे काम सुरू केले. भरकटू लागलेल्या मुलांना ते आपल्याबरोबर दूरवर चालत नेतात, पाणवठे दाखवतात, जागांची नावे आणि गोष्टी सांगतात. याला तेथील इंग्रजीत ‘कंट्रीवर नेणे’ म्हणतात. हा ‘कंट्री’ म्हणजे देश नव्हे, ग्रामीण भागही नव्हे. जमीन, पाणी, पूर्वज, भाषा आणि त्यांच्याशी असलेले नाते हे सगळे मिळून तो शब्द होतो. ‘निसर्गाच्या सान्निध्यात सहल’ असे भाषांतर मी पाहिले आहे आणि ते वाचून हातची लेखणी खाली ठेवावीशी वाटली. ‘मायभूमी’ला राष्ट्रगीताचा सूर लागतो, ‘शिवार’ शेतापुरते राहते. मी ‘मुलूख’ म्हणेन. शब्द अरबीतून आलेला आहे आणि त्याला राज्यसत्तेची छटा आहे हे खरे, पण ‘आमच्या मुलखाकडे’ असे म्हणणारा मराठी माणूस नकाशावरची सीमा सांगत नसतो, तेथली माणसे, बोली, दैवते आणि वाटा सांगत असतो. ‘जाणती माणसे मुलांना त्यांच्या मुलखात घेऊन जातात’ हे वाक्य मला जमलेले वाटते. ‘त्यांच्या’ हे सर्वनाम मात्र विसरू नये.