प्रश्न ९ महिन्यांचा, खड्डा ४८ महिन्यांचा

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय ३१. आठ वर्षं व्हिडिओ एडिटिंग करतोय, सगळं फ्रीलान्स. परदेशात स्पॉन्सरशिपसह नोकरी मिळवून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीकडून ब्रिटनमधल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं आहे. त्यांचा पहिला हप्ता भरला, दुसरा पंधरा दिवसांत भरायचा आहे. त्यासाठी १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ, की मुदत ठेव मोडू? फाइल भक्कम दिसावी म्हणून त्यांनीच सुचवलेली बचतीची विमा पॉलिसीही घेतली, तिचे कागद तीन आठवड्यांपूर्वी हातात आले. व्हिसा कधीही येईल म्हणून गेले सात महिने लांबची कामं घेत नाहीये. ठेव मोडू नये असं पत्नीचं म्हणणं आहे."

तुमची ओळख पटू नये म्हणून मी रकमा लिहीत नाही. तुमची एका महिन्याची सरासरी कमाई म्हणजे 'एक महिना', असं धरू. भरलेला हप्ता ५ महिने, मागितलेला ९ महिने. लोन की ठेव, याचं उत्तर एका ओळीत देते: दोन्ही नको, हा हप्ता भरायचाच नाही. लोन पाच वर्षांचं घेतलंत तर नऊचे साडेबारा महिने फेडाल आणि दर महिन्याच्या कमाईचा पाचवा हिस्सा हप्त्यात जाईल. ठेव तर घरातली एकमेव राखीव रक्कम आहे. पत्नीचं बरोबर आहे.

पण माझी झोप उडवली ती तुमच्या पॉलिसीच्या वाक्याने.

त्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला ३ महिने आहे आणि तो दहा वर्षं भरायचा आहे. म्हणजे तुम्ही ३० महिन्यांची कमाई बांधून टाकली, कन्सल्टन्सीच्या सगळ्या फीच्या दुपटीहून जास्त, आणि पत्रात तिला एवढीशी जागा दिलीत. तुम्ही जोडलेल्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात ४५ महिने दिसतात, पंधराव्या वर्षाच्या अखेरीस. 'दीडपट, तेही गॅरंटीड' असं तुम्हाला सांगितलं गेलं. हिशेब करा: तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेदहा वर्षं त्यांच्याकडे पडून राहणार आणि एवढ्या काळात दीडपट, म्हणजे वर्षाला ४ टक्के सुद्धा नाहीत. आणि तुम्ही १४ टक्क्यांनी कर्ज काढायला निघाला होतात. स्वतःचे पैसे चार टक्क्यांनी द्यायचे आणि दुसऱ्याचे चौदा टक्क्यांनी घ्यायचे, असा सल्ला देणाऱ्या माणसाला तुमच्या घरात पुन्हा बसू देऊ नका.

शिवाय ज्या कारणासाठी ती घेतली, ते कारणच खोटं आहे. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे तिथल्या कंपनीने स्पॉन्सर केल्यावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसासाठी, अर्जदाराकडे १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात. रोकड लागते, पॉलिसी चालत नाही. आणि पूर्ण मानांकन असलेल्या स्पॉन्सर कंपनीने पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्रात (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप) लिहून दिली, तर तेही दाखवावे लागत नाहीत. दहा वर्षांच्या हप्त्यांची फाइलमध्ये काडीची किंमत नाही.

सुदैवाने कागद येऊन तीनच आठवडे झालेत. पॉलिसी परत करण्याची 'फ्री लूक' मुदत तुमच्या प्रतीवर ३० दिवस छापली आहे. नऊएक दिवस उरलेत. आजच विमा कंपनीला थेट लिहा, एजंटमार्फत नको. 'फ्री लूकमध्ये पॉलिसी रद्द करून पैसे परत करावेत' एवढं एकच वाक्य पुरे. तारीख असलेली पोच घ्या. एजंट 'दोन दिवसांत साहेबांशी बोलून सांगतो' म्हणेल, तेव्हा थांबू नका. मुदत अशीच निघून जाते. थोडी वजावट होऊन पहिला हप्ता परत येईल. मुदत चुकली आणि वर्षभरात सोडून दिलीत, तर भरलेल्यातलं जवळजवळ काहीच हाती लागणार नाही.

आता ऑफर लेटर. तुम्ही स्कॅन पाठवलं, बरं झालं. पगार २८,००० पौंड, आणि त्याखालीच 'दुसऱ्या हप्त्यानंतर सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देण्यात येईल'. ही दोन वाक्यंच सगळं सांगतात. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्ये या व्हिसासाठी नव्याने येणाऱ्याचा सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड झाला. तरुण, नुकत्याच कामाला लागलेल्यांसाठी सवलत आहे, तीही ३३,४०० पौंडांवर थांबते. तुमच्या ऑफर लेटरमधला पगार दोन्हींच्या खाली आहे. त्याच दिवसापासून काम पदवीच्या पातळीचं असण्याची अटही आली. खालच्या पातळीच्या निवडक कामांनाच तात्पुरती मुभा आहे. तिथे 'व्हिडिओ एडिटर' या नावावर काही ठरत नाही, कामाला दिलेल्या चार अंकी व्यवसाय-संकेतांकावर ठरतं. तुमच्या ऑफर लेटरमध्ये तो संकेतांक कुठेच नाही.

दुसरं वाक्य जास्त गंभीर आहे. स्पॉन्सरशिप हा मालकाचा खर्च आहे. ब्रिटनमध्ये परदेशी कामगार आणण्यावरचा सरकारी आकार, इमिग्रेशन स्किल्स चार्ज, कंपनीनेच भरायचा असतो, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून सर्टिफिकेटची आणि स्पॉन्सर परवान्याची फीही ती कामगाराच्या माथी मारू शकत नाही. कॅनडात मालक परदेशी माणसासाठी एलएमआयए, म्हणजे त्याला कामावर घेण्याची सरकारी मंजुरी, काढतो, त्याची १,००० डॉलर फी मालकाचीच. (एलएमआयए विकत घेऊन पॉइंट वाढवा, असं कोणी म्हणालं तर २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या पॉइंटवर चालणाऱ्या कायम वास्तव्याच्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरचे ते पॉइंटच बंद झालेत.) ऑस्ट्रेलियाने तर २०१५ मध्ये स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणं आणि देणं, दोन्हींना कायद्याने बंदी केली. जो तुमच्याकडून स्पॉन्सरशिपचे पैसे घेतो, त्याला तुमचं एडिटिंग नकोच आहे. त्याचा धंदा तुमच्या हप्त्यावर चालतो.

भरलेले ५ महिने परत मागा: लेखी, पावत्या आणि चॅटसकट, उत्तर नाही आलं तर पोलिसांत आणि ग्राहक आयोगात. पण घरच्या हिशेबात ते गेलेच असं धरा. '५ वाया जाऊ नयेत म्हणून ९ भरू', हा विचार मनात असेल तर तो आजच सोडा.

खरंच जायचं असेल, तर मार्ग आहे, पण अरुंद आहे. एडिटिंगचं बरंचसं काम तिथेही प्रोजेक्टपुरतं, फ्रीलान्स चालतं, आणि स्पॉन्सर व्हिसाला एका मालकाची पगारी नोकरी लागते. अशा जागा पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत, वृत्तवाहिन्यांत, मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या व्हिडिओ टीममध्ये असतात. ब्रिटन सरकार परवानाधारक स्पॉन्सरची यादी वेबसाइटवर फुकट देतं. ती उघडा, अशा कंपन्या शोधा आणि त्यांच्या करिअर पानावरूनच अर्ज करा. तुम्ही फक्त प्रीमियर प्रोवर काम करता. टीव्ही आणि लाँग-फॉर्मच्या (लांबीच्या कार्यक्रमांच्या) स्टुडिओत अजूनही अ‍ॅव्हिड मीडिया कंपोझर हे एडिटिंग सॉफ्टवेअर विचारलं जातं. ते शिकण्यावरचा खर्च मला चालेल. अमेरिकेचा विचार बाजूला ठेवा: २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून नव्याने आणायच्या एच-१बी (तिथला नोकरीचा व्हिसा) कामगारामागे मालकाला १ लाख डॉलर भरावे लागतील, असा आदेश निघाला.

आणि खरी ऑफर आली तरी खिशात काय लागेल, तेही बघा. ४१,७०० पगारातून कर वगैरे जाऊन महिन्याला साधारण २,८०० पौंड हातात येतात. तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. तीन वर्षांसाठी दोघांचे ६,२००, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त पगार विमानात बसण्याआधीच गेला. आणि नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला बहुधा ६० दिवस मिळतात. मोडायला निघालेली ती ठेव तेव्हा लागेल.

राहिले ते सात महिने. तुम्ही निम्म्याहून कमी कमावलंत, म्हणजे आणखी ४ महिने गेले. ५, ९, ३० आणि ४: सगळे मिळून ४८, चार वर्षांची कमाई. यातले ९ अजून तुमच्याच हातात आहेत, ३० पैकी बहुतेक येत्या नऊ दिवसांत सुटतील. तुमच्या कमाईतला चौथा हिस्सा आधीच एका परदेशी ग्राहकाकडून, घरबसल्या, बिलावर येतो. त्याच्यासाठी ना व्हिसा लागला, ना एजंट. तसा दुसरा ग्राहक मिळवणं हे या वर्षाचं काम. लांबच्या कामासाठी ज्या दोन ग्राहकांना तुम्ही नाही म्हणालात, त्यांना फ्री लूकचा ईमेल पाठवल्यावर लगेच फोन करा आणि पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा द्या.