एमआरआय झाल्यावर दुर्बीण कशाला?

विचारलंय की सात महिने गुडघ्याची सूज उतरत नाही, एमआरआय झालाय, तरी डॉक्टर दुर्बिणीतून बघू म्हणतात, हा धंदा आहे का.

'धंदा' हा माझ्या दाजींचाही शब्द.

मी एसटीत कंडक्टर. डावा गुडघा अकरा महिने नारळासारखा. दाजी म्हणाले, पाणी काढू नकोस, एकदा काढलं की सवय लागते. हाडवैद्याचा लेप झाला. मग एका डॉक्टरांनी दोनदा पाणी काढलं, बेसिनमध्ये ओतलं, वर स्टेरॉइडचं इंजेक्शन. पंधरा दिवस आराम, पुन्हा नारळ. ते पाणी तपासायला पाठवावं हे कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

एमआरआयमध्ये आलं, आतलं अस्तर सुजलंय. पण संधिवातात सुजतं, टीबीतही सुजतं. नक्की काय, त्याला अस्तराचा तुकडाच लागतो. म्हणून दुर्बीण. कमरेत इंजेक्शन, वाटीखाली दोन बाजूंना बारीक भोकं, आत सलाईन. मी जागा होतो. पडद्यावर ओढ्यातल्या शेवाळासारखं लालसर काहीतरी हलत होतं आणि त्यात चक्क तांदळाच्या कण्या! डॉक्टरांनी त्या धुऊन काढल्या, अस्तर खरवडलं, तुकडे दोन बाटल्यांत भरले. एक बायोप्सीची, एक कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायची. हे आधीच विचारून घ्या, कारण फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रवात, टाकलेल्या तुकड्यातून कल्चर होत नाही.

निघाला टीबी. दाजी म्हणाले, 'खोकला नाही, टीबी कसला?' त्यांना रिपोर्टची झेरॉक्स दिली, तर चष्मा घरी राहिला म्हणाले. अहो, १९१८ साली टोकियोत ताकागी नावाच्या डॉक्टरांनी मूत्राशयाची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, तीच मुळी टीबीने आखडणाऱ्या गुडघ्यांपायी!

दीड वर्ष गोळ्या, केशरी लघवी. सूज गेली. मांडी मात्र घालता येत नाही, ते अकरा महिने वसूल झाले.

वय तुम्ही लिहिलं नाहीत. साठीतला झिजलेला गुडघा असेल आणि नुसती 'साफसफाई' सांगत असतील, तर मात्र दाजी बरोबर. अमेरिकेत २००२ साली अशाच झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० जणांचा अभ्यास छापून आला. त्यात काहींना नुसत्या चिरा देऊन शिवलं होतं, त्यांनाही आराम तेवढाच.

आणि हो, ताप असेल, गुडघा लाल-गरम असेल, तर इथे उत्तरं वाचत बसू नका, आजच दाखवा.