टाकीतले मोजमाप आणि संगणकावरचे गणित जुळत नाही

प्रिय ‘अस्वस्थ संशोधक’,

तरंगत्या पवनचक्कीच्या पायावर तुम्ही पीएच.डी. करीत आहात आणि हे तुमचे चौथे वर्ष आहे. लाटांच्या टाकीत मॉडेल जितके मागेपुढे संथपणे झुलते, त्यापेक्षा तुमचे गणित ते झुलणे सुमारे पाचव्या हिश्शाने कमी दाखवते. ‘ड्रॅगचा (पाण्याच्या रोधाचा) गुणांक बदला आणि आलेख जुळवून टाका’, असे तुमचे सर सांगतात. तसे केले तर ती फसवणूक ठरेल आणि न केले तर आपल्याला काही येत नाही हे सिद्ध होईल, या कात्रीत तुम्ही सापडला आहात, आणि संशोधनच सोडावे का, असे विचारता.

हा फरक तुमच्या अज्ञानाचा पुरावा नाही, हे आधी सांगते. ‘ओसी५’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात अनेक संस्थांनी आपापल्या संगणक-प्रणाली एकाच तरंगत्या पवनचक्कीच्या टाकीतील मोजमापांशी ताडून पाहिल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत गणिताने भार सरासरी सुमारे २० टक्के कमी दाखवले होते, आणि संशयाची सुई याच संथ हालचालींकडे वळली होती. पुढच्या ‘ओसी६’ प्रकल्पाचा पहिला टप्पा त्यासाठीच हाती घेण्यात आला. ज्या प्रश्नाने अनुभवी मंडळींना वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले, तो तुम्हाला एकटीला सुटला नाही म्हणून तुम्ही स्वतःला नालायक ठरवावे, हे मला मुळीच मान्य नाही.

कारणही तुमच्या विषयातच आहे. मूरिंगच्या, म्हणजे समुद्रतळाशी बांधून ठेवणाऱ्या, साखळ्यांनी धरलेल्या तराफ्याचा मागेपुढे झुलण्याचा स्वाभाविक काळ १०० सेकंदांच्या आसपास असू शकतो, तर लाटांचा काळ १० सेकंदांच्या आसपास असतो. जवळजवळच्या वारंवारतेच्या लाटांमधील फरकातून उपजणारे बल क्षीण असले, तरी ते नेमके अनुनादावर, म्हणजे तराफ्याच्या स्वतःच्या झुलण्याच्या लयीवर, येऊन पडते, आणि तिथे हालचाल किती वाढेल हे अवमंदन, म्हणजे झुलणे शमवणारा रोध, ठरवते. ड्रॅग ही हालचाल रोखतो, पण लाटेच्या माथ्याजवळ तोच तराफ्याला ढकलतोही. त्यामुळे एकच गुणांक वाढवून एका समुद्रस्थितीचा (लाटांची ठरावीक उंची आणि काळ यांचा) आलेख जुळतो आणि दुसरीचा बिघडतो. सरांना दाखवायची गोष्ट हीच आहे.

गुणांक बदलणे मुळात गैर नाही. १:५० प्रमाणाच्या मॉडेलमध्ये लाटांचे वागणे जुळवणारा फ्रूड अंक सांभाळला, तर पाण्याच्या चिकटपणाचा परिणाम दाखवणारा रेनॉल्ड्स अंक साधारण ३५० पटींनी घटतो, म्हणून पूर्ण आकाराच्या बांधणीसाठी हस्तपुस्तिकेत दिलेला गुणांक टाकीत जसाच्या तसा चालणार नाही. गैर आहे ते लपवणे. मुक्त दोलनाच्या चाचणीवरून (स्थिर पाण्यात मॉडेल ढकलून सोडायचे आणि झुलणे कसे विरते ते मोजायचे) आणि एका समुद्रस्थितीवरून गुणांक ठरवा, तो गोठवा, आणि उरलेल्या सर्व स्थितींचे अंदाज त्याच गुणांकाने काढून जी चूक येईल ती प्रबंधात उघडपणे मांडा.

त्याआधी मात्र एक खात्री करून घ्या. उपकरणांच्या तारांची जुडी मॉडेलवरून टाकीच्या काठापर्यंत कशी जाते, हे जवळून पाहा. १:५० या प्रमाणात मॉडेलवरचे बल पूर्ण आकारात १,२५,००० पटींनी वाढते, म्हणजे त्या जुडीने दिलेला एका न्यूटनचा हिसका पूर्ण आकारात १२५ किलोन्यूटन, म्हणजे साडेबारा टनांहून थोड्या अधिक वजनाइतका होतो. एकदा तारा लावून आणि एकदा तारा काढून, केवळ कॅमेऱ्यांनी हालचाल टिपून, मुक्त दोलन मोजा. फरकाचा काही भाग इथेच सापडण्याची शक्यता आहे.

मी उघडपणाचा इतका आग्रह धरते, कारण तुमचा गुणांक उद्या कोणीतरी साखळ्यांवरचा ताण काढण्यासाठी वापरेल. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर एल. कीलँड’ हा तेलक्षेत्रावरचा तरंगता तराफा एका आधारदांड्याला तडा जाऊन उलटला आणि १२३ माणसे दगावली. चौकशीत त्या तड्याचा माग एका हायड्रोफोनच्या (पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या उपकरणाच्या) आधाराला मारलेल्या सहा मिलिमीटरच्या वेल्डपर्यंत पोहोचला. तो आधार बांधणीचा महत्त्वाचा भाग म्हणून कोणी धरलाच नव्हता. आपल्या क्षेत्रात किरकोळ मानून सोडलेल्या गोष्टीचा हिशेब असा चुकता होतो.

सरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, एका पानावर तीन समुद्रस्थितींचे आलेख घेऊन जा. ‘सर, हा गुणांक इथे जुळतो आणि इथे जुळत नाही, मला यावरच एक प्रकरण लिहायचे आहे,’ असे म्हणा. ते पदवी लांबेल या काळजीने घाई करीत असतील, तर असे प्रकरण त्यांनाही हवेसे वाटेल. तरीही आकडे दडपा असाच त्यांचा आग्रह राहिला, तर सल्लागार समितीतील दुसऱ्या सदस्याकडे हेच पान न्या. तसे करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

राहिला सोडण्याचा प्रश्न. तुमच्या पत्रातील एका वाक्याने मला आलेखांपेक्षा अधिक काळजी वाटली: लॅबबाहेर कोणाशीही तुम्ही हे बोललेल्या नाहीत आणि पहाटेपर्यंत झोप लागत नाही. झोपेसाठी याच आठवड्यात डॉक्टरांना किंवा विद्यापीठातील समुपदेशकांना भेटा, ते पुढे ढकलू नका. संशोधन सोडणे हा गुन्हा नाही, आणि टाकीतल्या मोजमापांवर सहज विश्वास न ठेवणारी माणसे डिझाइन कार्यालयांनाही हवी असतात. पण तो निर्णय तारा काढून केलेली चाचणी आणि सरांशी बोलणे झाल्यावर, नीट झोप लागू लागली की घ्या. तोपर्यंत राजीनाम्याचे पत्र लिहू नका.

तुमची,
ताई